मयताशी नाते : पत्नी

हे गेले त्याला आता दोन दिवाळ्या उलटल्या. वय एक्कावन्न. रात्रपाळीचा कामगार आला नाही म्हणून स्वतःच यंत्रमागावर उभे राहिले होते. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आणलं. त्या रात्रीबद्दल मी इथं याहून जास्त लिहिणार नाही. लिहायचंय ते त्यानंतरच्या दीड वर्षाबद्दल, कारण त्याबद्दल आधी कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

आम्ही इचलकरंजीचे. आठ साधे माग, सासऱ्यांच्या वेळच्या शेडमध्ये. स्वतःचं सूत घेऊन कापड विकण्याइतकं भांडवल आमच्याकडे कधीच नव्हतं, आम्ही खर्चीवाले. व्यापारी भरलेली बिमं, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, आणि बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत पाठवतो, आम्ही विणून द्यायचं, मजुरी पिकावर. म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसले त्यावर मीटरचा दर ठरतो आणि तोही पैशांत मोजला जातो. दोन पैसे वाढवून मिळावेत म्हणून इथं मोर्चे निघालेले आहेत. अशा धंद्यात घरचा माणूस एक दिवस आजारी पडला तरी हिशेब हलतो.

पहिले दिवस माणसांनी भरलेले होते. आमच्या गल्लीत मयताच्या घरी चूल पेटू देत नाहीत. सकाळी एका घरातून चहा, दुपारी दुसऱ्या घरातून भाकरी-आमटी, रात्री तिसऱ्या घरातून भात. कोणी सांगितलेलं नसतं, तरी दोन घरची आमटी एका वेळी कधी आली नाही. रक्षाविसर्जन झालं, दहावा झाला, बारावा झाला. माझ्या माहेरची माणसं परत गेली, मांडववाल्याने खुर्च्या नेल्या. आपल्याकडे पहिल्या बारा-तेरा दिवसांची व्यवस्था अगदी पक्की आहे. कोणी कुठं बसायचं, काय शिजवायचं, कोणी कोणाला काय घालायचं, सगळं ठरलेलं. चौदाव्या दिवशी काय करायचं ते मात्र कोणी ठरवून ठेवलेलं नाही.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगते. बांगड्या फोडायचा विषय निघालाच. ह्यांची मावशी हळद-कुंकवाचं ताट घेऊन पुढं झाली, तेव्हा माझी मुलगी मध्ये उभी राहिली. ती पुण्याला शिकते. म्हणाली, "मावशीआजी, हेरवाडला बंद केलंय हे सगळं." हेरवाड आमच्यापासून लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही असा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. मावशीला ठरावाचं काही नव्हतं. "ते हेरवाडचं हेरवाडात," म्हणाली. तेव्हा आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, कोपऱ्यातून बोलल्या. तोपर्यंत तीन दिवस त्यांच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. "माझा ल्योक गेलाय. कुणाचं काय फोडायचं ते मी ठरवीन. ऱ्हाऊ दे तिच्या हातात." विषय तिथंच संपला. ठरावाने माणसं बदलतात असं मी म्हणणार नाही, पण ज्याला आधीच नको असतं त्याला तोंड उघडायला तो आधार होतो. हिरव्या बांगड्या मी पुढं स्वतःच्या मनाने उतरवल्या. मागाजवळ काच नको म्हणून.

मग कागद सुरू झाले.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की दाखला हातात पडायच्या आधी, नोंदीच्या मसुद्यातच नावाचं प्रत्येक अक्षर तपासून घ्यावं. ह्यांचं आधारवर एक नाव, रेशनकार्डावर घरचं नाव, बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. माझ्या भाच्याने ते पाहिलं आणि नोंदणीच्या खिडकीवरच आधारप्रमाणे करून घेतलं. तरी "ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची" असं प्रतिज्ञापत्र पुढं दोन ठिकाणी करावं लागलंच. दाखल्याच्या प्रती आम्ही भरपूर काढल्या. प्रत्येक टेबलावर मूळ प्रत मागतात.

आणि प्रत्येक फॉर्मवर तो रकाना. मयताचे नाव. मयताशी नाते. पहिल्यांदा मी तिथं "पती" लिहिलं. कारकून म्हणाला, "मॅडम, तुमचं त्यांच्याशी नातं लिहायचं. पत्नी." पुढं सवय झाली. एकदा तर फॉर्म भरून झाल्यावर वर पाहिलं आणि लक्षात आलं की या वेळी डोळ्यांत पाणी आलंच नाही. त्या गोष्टीचंच मग घरी येऊन रडू आलं.

पासबुकाचा प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण तो कोणाच्याही उपयोगी पडेल. ह्यांचं पासबुक भरून आणलं आणि भाचा एकेक ओळ बोटाने खाली सरकवत वाचत होता. दर वर्षी मेच्या अखेरीस एक रक्कम वजा झालेली. आधीची काही वर्षं ३३० रुपये, २०२२ पासून ४३६. मला वाटलं बँकेचा काही चार्ज असेल. तो म्हणाला, "मामी, ही जीवनज्योती आहे." प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. १ जून ते ३१ मे असं तिचं वर्ष, हप्ता खात्यातून आपोआप जातो, आणि कारण कुठलंही असलं तरी मृत्यूनंतर दोन लाख मिळतात. पन्नाशीच्या आत शिरलेल्याला हप्ता चालू असेल तर पंचावन्नपर्यंत संरक्षण राहतं. ह्यांनी कधीतरी बँकेत कोणीतरी फॉर्म पुढं केला म्हणून सही केली असणार. मला ते बोलल्याचं आठवत नाही. त्यांनाही आठवत असेल असं वाटत नाही. शेजारीच वीस रुपयांची आणखी एक ओळ होती, ती सुरक्षा विम्याची. तो फक्त अपघाताला. हृदयविकार त्यात बसत नाही.

दावा ज्या शाखेतून हप्ता कापला गेला तिथंच करायचा असतो. आमच्या शाखेत पहिल्यांदा "असं काही नसतं" हेच उत्तर मिळालं. शाखेचं नाव घेत नाही. भाच्याने पासबुकातली ओळ दाखवली तेव्हा फॉर्म मिळाला. फॉर्म, दाखला, माझं आधार, माझ्या खात्याचा रद्द केलेला चेक. पैसे आले तेव्हा घरात कोणालाच आनंद झाला नाही, पण त्यातून कामगारांची देणी फिटली आणि मुलाची बारावीची फी भरली.

ह्यांची दोन खाती होती. त्या पासबुकाच्या खात्याला मी नॉमिनी, ते लवकर सुटलं. नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार असेल आणि कागद पूर्ण असतील तर बँकेने १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो आणि वारसांना देणं लागतो. आता नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. ज्यांनी एकही लावलेला नाही त्यांनी निदान एक तरी लावावा.

कारण दुसऱ्या, जुन्या खात्याला नॉमिनीच नव्हता. रक्कम काही फार नव्हती. तिथं सगळ्या वारसांची संमती, हमीपत्र, स्टँपपेपर, नोटरी. मी माझी आणि मुलांची नावं सांगितली. अधिकारी म्हणाले, "आई हयात आहेत का? मग त्यांची सही लागेल." हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं आणि आई या एकाच पायरीवरच्या वारस. भाऊ त्या पायरीवर येत नाही. (माझ्या दिरांना हे ऐकून थोडं नवल वाटलं. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण नवल वाटलं हे खरं.)

आत्तींना रिक्षाने बँकेत नेलं. त्यांनी सही साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, म्हातारपणी, कंदिलाच्या नव्हे तर महापालिकेच्या शाळेतल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, असं त्या नेहमी हसून सांगतात. त्या दिवशी काउंटरवर कागद पुढं आला तसं त्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "काय लिवलंय वाच." मी वाचलं. मयत अमुक अमुक यांची आई. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "त्याचं नाव तरी नीट लिवलंय का बघ." नीट होतं. त्यांनी पेन धरलं आणि एकेक अक्षर काढायला लागल्या. मागे रांग होती. कोणीतरी "आजी, अंगठा चालतो" म्हणालं. त्यांनी मान वर केली नाही. सही पूर्ण केली, खाली रेघ ओढली आणि मगच पेन ठेवलं. रिक्षात म्हणाल्या, "शिकले कशाला आणि सही केली कशावर." त्या वेळी मला त्यांच्याशी काही बोलता आलं नाही. मी आतापर्यंत माझंच गेलं असं धरून चालले होते.

शेड आणि विजेचा मीटर अजून सासऱ्यांच्याच नावावर निघाले. तो गुंता सुटत आलाय, पण कंटाळवाणा आहे. त्यात कोणाला शिकण्यासारखं एवढंच की वडील गेल्यावर नावं लगेच बदलून घ्यावीत. पुढच्या पिढीत दोन मयतांचे कागद एकदम काढावे लागतात.

पतसंस्थेचं कर्ज होतं. माग दुरुस्तीसाठी काढलेलं, दोन जामीनदार, दोघेही ह्यांचे मित्र आणि दोघेही खर्चीवालेच. त्यातले एक आठव्या दिवशी आले. चहा घेतला, कप खाली ठेवला, परत उचलला. रिकामाच कप तोंडाला लावला. मी समजले. म्हटलं, "भावजी, हप्त्याचं बोलायला आलाय ना, बोला." त्यांना एवढं वाईट वाटलं की उठून जायला निघाले. मला त्यांचा राग आला नाही. वारसाची देणेदारी मयताकडून मिळालेल्या मालमत्तेपुरती असते, हे मला वकिलांनी नंतर सांगितलं; जामीनदाराला ती सोय नाही. मी हप्ता चुकवला तर नोटीस त्यांच्या दारात. ते घाबरले असले तर त्यात चूक काय? आम्ही तिघं मिळून पतसंस्थेत गेलो आणि हप्ते लहान करून घेतले. त्यासाठी थकबाकी एकदम भरायची होती. ती कुठून भरायची, तिथं मागांचा विषय आला.

माग तोपर्यंत बंदच होते. चढवलेली बिमं व्यापाऱ्याची, त्याचा दिवाणजी दोनदा फोन करून गेला होता. तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी शेडचं कुलूप काढलं. आमच्याकडे बायका बाण्याच्या सुताच्या कांड्या भरतात, घडी घालतात. मीही लग्नानंतर कितीतरी वर्षं कांड्या भरल्यात. पण माग चालवायचं, कामगार सांभाळायचे, दिवाणजीशी दराचं बोलायचं, हे ह्यांचं. आमच्या जॉबरने, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, पहिल्या दिवशी मला काही शिकवलं नाही. म्हणाला, "वैनी, आज नुस्तं ऐका." एकेक माग चालू करत गेला. चांगल्या चालणाऱ्या मागाचा ठोका कसा, बाण्याचा धागा नेणारा धोटा अडखळायला लागला की तो कसा बदलतो, पट्टा ढिला झाल्यावर कसा. एवढ्या आवाजात वेगळं काही ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांत ते ऐकू यायला लागलं. आधी मला वाटायचं हे रात्री झोपेत दचकून उठून "पाच नंबर बंद पडला" म्हणतात म्हणजे त्यांना माग वेड लावणार. आता मी उठते.

डॅमेज कापडाची कपात, ताग्यांची मीटरला मीटर जुळणी, कामगारांचा आठवड्याचा पगार. दिवाणजीने पहिल्या हिशेबात कपात जास्त लावली. बाई बसलीय म्हणून लावली की नेहमीच लावायचा, ते मला सांगता येत नाही. मी ह्यांची वही पुढं ठेवली, मागच्या सहा महिन्यांतल्या कपातींवर बोट ठेवलं. पुढच्या वेळेपासून ठीक झालं. ह्यांचं अक्षर वाईट होतं, पण वही चोख होती.

आठ माग मला झेपणार नाहीत हे दिसतच होतं. आता शटललेस, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे, माग आल्यावर साध्या मागाला गिऱ्हाईक म्हणजे भंगारवालाच. चार काढायचे ठरवलं. कुठले चार ते जॉबरनेच सांगितलं. तीन नंबरच्या मागाला हे "लबाड" म्हणायचे. दिवसभर नीट चालून संध्याकाळी पगार करायच्या वेळी हमखास बंद पडायचा. तो पहिला गेला. भंगारवाल्याची पोरं घण घेऊन आली. मागाचा सांगाडा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, असतो, तो खोलत बसत नाहीत, फोडतात. बीडाचा तुकडा पडताना खणखणत नाही, बदकन आवाज येतो. लाकडी भाग वेगळा, लोखंड वेगळं, बीड वेगळं, आणि मग सगळं काट्यावर. सासऱ्यांनी कर्ज काढून आणलेले, ह्यांनी तीस वर्षं चालवलेले माग किलोच्या भावाने गेले. मी काट्यासमोर उभी राहून वजनं लिहून घेतली. आत्ती शेडमध्ये आल्या नाहीत. पैसे घरी आणल्यावर त्यांनी देवापुढं ठेवले आणि म्हणाल्या, "जा, आधी पतसंस्थेत भरून ये."

ह्यांच्या जाण्याइतकंच मला त्या दिवशी वाईट वाटलं, हे लिहायला अवघड आहे. पण तसं होतं.

मुलाबद्दल थोडं. मुलगी रडली, भांडली, पुण्याहून रोज फोन करायची. मुलगा काहीच नाही. अभ्यासाला बसायचा आणि पान उलटायचं नाही. "बारावी आहे, विचलित होऊ देऊ नका," असं सगळे मलाच सांगून जायचे. शेवटी मुलीनेच टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला, १४४१६. सरकारी आहे, फुकट, कुठल्याही वेळेला, मराठीतही बोलतात. त्याने नकार दिला, म्हणून आधी मीच लावला, त्याच्यासमोर, स्पीकरवर. पलीकडच्या बाईंनी धीर धरा, देवाची इच्छा, असलं काही म्हटलं नाही. झोप किती लागते, जेवण जातं का, दिवसातला सगळ्यात अवघड वेळ कुठला, असं विचारलं. मी संध्याकाळची सात म्हणाले. मुलगा एकदम बोलला, "मला सकाळची. बाबा गाडी पुसायचे तो आवाज." दोघंही एका घरात राहून आम्हाला हे एकमेकांचं माहीत नव्हतं. पुढं तो स्वतः दोन-तीनदा बोलला. परीक्षेत मार्क बेताचे पडले. आता आयटीआय करतोय.

"तू खंबीर आहेस" हे वाक्य या काळात इतकं ऐकलं की त्याचा कंटाळा आला. खंबीर असण्याचा प्रश्नच नव्हता. हप्त्याची तारीख होती. मला खरा उपयोग झाला तो एकेका कामाला हात लावणाऱ्यांचा. भाचा पासबुक वाचायला बसला. जॉबरने दोन आठवडे पगार थांबवून घेतला. शेजारची बाई बारावा झाल्यावरही कितीतरी दिवस संध्याकाळी सातलाच भाकऱ्या घेऊन यायची आणि आमच्या ओट्यावर बसून स्वतःच्या सुनेची गाऱ्हाणी सांगायची, माझ्याकडून काही ऐकायची अपेक्षा न धरता.

गेल्या पंधरवड्यात मागच्या गल्लीतल्या एका वहिफणी कामगाराची, म्हणजे मागासाठी बिमाचे धागे ओवून देणाऱ्याची, बायको एकटी पडली. तो चाळिशीतला. मी बाराव्याला गेले नाही; मला तिथं बसवत नाही. नंतर गेले आणि पासबुक मागितलं. मेच्या ओळी बघितल्या. आधीची दोन वर्षं ४३६ होते, गेल्या मे महिन्यात नव्हते. खात्यात तेव्हा एकशे दहा रुपये शिल्लक होते, हप्ता गेलाच नाही. वीसची ओळ होती, तिचा उपयोग नाही. तिचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे. घरातला कमावता माणूस साठीच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार मिळतात, अर्ज तहसीलला द्यायचा. सोमवारी अकरा वाजता जायचं ठरलंय. दाखल्यावर त्याच्या वडिलांच्या नावात एक काना कमी पडलाय, तो आधी महापालिकेतून दुरुस्त करून घ्यायचा, म्हणून मी तिला साडेनऊलाच तयार राहायला सांगितलंय.